भावोजींनी दिलेले हातमोजे

गालातल्या गालात हसताय ना? हसा. पण ज्याच्यावर हे गुदरलं तो वायरमन माझ्या ओळखीतला आहे, आणि थापा मारणाऱ्यातला नाही.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. अमावस्या-बिमावस्या काही नाही, चांगलं टिपूर चांदणं. पावणेबाराला फोन आला, उपकेंद्रातला फ्यूज उडालाय, अर्धं गाव अंधारात. वायरमन निघाला. जोडीला थोरल्या बहिणीचा नवरा. त्यानेच याला कामाला लावलेलं, खांबावर चढायला शिकवलेलं.

लाइन अकरा हजार व्होल्टची, चालू. फ्यूज लांब दांड्याने बसवायचा, हातात रबरी हातमोजे. घालण्याआधी त्यांचं तोंड गुंडाळून आत हवा कोंडायची आणि कानाशी धरायचं. फुस्स झालं, की हातमोजा बाद. भावोजींनी एक जोड स्वतः चढवला, दुसरा याच्यापुढे केला.

"बघितलेत मी. घाल."

आता भावोजींनी दिलेली वस्तू त्यांच्याच तोंडासमोर कशी तपासायची? त्याने मुकाट्याने डावा चढवला.

उजव्यात हात घातला... बोटं पुढे जाईनात.

आत हात होता.

गार.

त्या हाताने याची बोटं धरली. आणि हळूच... बाहेर ढकलली.

हातमोजा खाली पडला. त्याने उचलला. तोंड गुंडाळलं. कानाशी धरला.

फुस्स...

अंगठ्याच्या बेचक्यात आतून सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं.

"भावोजी, कुणाचे हे?"

"मागच्या वर्षी इथेच शॉक लागून गेला ना माझा जोडीदार... त्याचे. फाटके आहेत हे मला माहीत होतं. साहेबांना सांगितलं, त्याने घातलेच नव्हते. नवे मागितले असते तर चौकशी लागली असती."

"म्हणून मला दिलेत?"

"एकच जोड धड होता रे..."

वायरमन म्हणतो, भुताची भीती या वाक्यावर संपली. ज्या माणसाच्या शब्दावर तो डोळे मिटून खांबावर चढत आला, त्याने त्याला जाणूनबुजून मरायला उभं केलं होतं. फ्यूज त्या रात्री बसला नाही. दोघं परतले.

सकाळी बहिणीचा फोन. "अरे, काल यांचा हात कुणी धरला होता का? मनगटावर पाच बोटं उमटलीत. भाजल्यासारखी."

"हातमोजे होते ना त्यांच्या हातात?"

"तेच तर! ते समोरच पडलेत. साधा ओरखडा नाही त्यांच्यावर."

ताईपासून वायरमनने आयुष्यात पहिल्यांदा काही लपवलं.

भावोजींच्या मनगटावरची ती बोटं अजून गेलेली नाहीत.