परकोटाबाहेरची बैठक

हेमराज सरांना जमिनीखाली फक्त नाणी दिसायची. बाकी सगळा त्यांच्या लेखी कचरा. पठाणपुरा दरवाजाच्या बाहेर, परकोटाच्या, म्हणजे शहराच्या जुन्या तटबंदीच्या, पायथ्याशी आमचं उत्खनन चाललं होतं. खड्ड्यांचे नकाशे काढणं माझं काम, आणि असल्या माणसाला सर म्हणणं माझं नशीब.

जानेवारीत एक चोपलेली जमीन लागली. तिच्यावर रांगेने उथळ खळगे, माणसं वर्षानुवर्षं मांडी घालून बसावीत तसे. सगळ्यांसमोर, मधोमध, दोन पावलांच्या खोलगट खुणा. माझा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेला; मला कुणी सांगायची गरज नव्हती. बुवा उभे राहतात ती जागा, आणि समोर श्रोते.

"गोठा आहे," सर म्हणाले. "जनावरं बसली असतील. फोडा आजच. खरा माल खाली आहे."

"सर, नकाशा तरी पुरा होऊ द्या. एकदा फोडली की गेली."

"ज्योत्स्नाबाई, तुम्हाला शेणातही बुवाच दिसतो."

पण कुदळ कुणी उचलेना. सावली गावाहून मजुरीला येणारा सुकलू मान खाली घालून म्हणाला, "बैठक हाय सर. लोकं उठल्याबिगर कशी मोडाची?"

"कुठी हायेत लोकं? दाखव मले," सरांनी त्याची नक्कल केली.

मग त्यांना मस्करी सुचली. दुसऱ्याच्या भक्तीवर पाय दिल्याशिवाय काही लोकांना उंच झाल्यासारखं वाटत नाही. मफलर उपरण्यासारखा खांद्यावर टाकून ते बुटांसकट त्या खुणांत उभे राहिले आणि नाकातून सूर काढत विठ्ठलाचं नाव घेऊ लागले. मला किळस आली.

दुसऱ्या ओळीला नाकातला सूर गेला.

सरांना शीळही धड वाजवता येत नसे. त्या गळ्यातून असं गाणं निघालं की माझे हात आपोआप टाळीला उठले. ते गात होते, थांबत होते, समोरच्या रिकाम्या खळग्यांकडे बघून हसत होते. डोळे मात्र भेदरलेले.

"सर, बाहेर या."

आले नाहीत. माती वाहणाऱ्या रुखमाबाईंनी माझं मनगट धरलं. "मधातून उठवू नका बाई. होऊ द्या पुरं."

ऊन कललं तेव्हा त्यांनी हात जोडले. सुटला एकदाचा, मी म्हटलं, आणि जमीनही वाचली.

पण कीर्तन संपलं की श्रोते एकेक करून बुवांच्या पाया पडतात. तोवर बुवा जागा सोडत नाहीत.

सर हलले नाहीत.

त्यांच्या बुटांवर सकाळपासूनची धूळ होती. डाव्या बुटावर बोटांच्या रेघा उमटल्या. मग उजव्या.

मग पुन्हा.

धूळ पुसली गेली. कातडं चमकू लागलं.

"नका वाकू जी," सर म्हणत होते. "तुम्ही मोठे." असा मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"सर, कोण आहे तिथे?"

ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

"जरा बाजूला होता का बाई? मागच्यांना येऊ द्या."

मी बाजूला झाले. मागे फक्त खड्ड्याची भिंत होती, अजून न खोदलेली. तिच्यातून, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवरून, बारीक माती गळायला लागली होती.