झऱ्यावरचा खेकडा

"फेस!" ऋतिक ओरडला. "नंदे, तुमच्या झऱ्याला फेस आलाय गं!"

नम्रताने ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. "शांपू आहे हा."

नंदाने हंडा भरलाच नाही. मे महिन्यात तिच्या वाडीला प्यायला पाणी होतं ते एवढंच. खडकामागची ही जागा वाडीबाहेर फक्त या दोघांना ठाऊक होती. यंदा शाळेने मुलांना आपापले फोन आणायची परवानगी दिली होती. छायाबाईंनी परिसरातल्या जिवांचे फोटो काढायला सांगितले होते; ते त्या शाळेच्या ऑनलाइन नकाशावर टाकत. नंदाकडे फोन नव्हता, म्हणून ती नम्रताच्या जोडीला होती. "जागा कुणाला सांगायची नाय हां!" असं बजावून तिनेच दोघांना इथे आणलं होतं.

"तुमी कुणाला सांगितलंत का रं?" नंदाने आता विचारलं.

"शप्पथ नाय!" ऋतिक म्हणाला.

"मीही नाही," नम्रता म्हणाली, आणि ते खरंच होतं.

"मग चोर पकडूया!" ऋतिकने ठरवलं.

तिघं करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसली. करवंदं खाऊन ऋतिकची जीभ जांभळी झाली, तेव्हा कुठे आवाज आले. भिवपुरी स्टेशनाकडून चार तरुण चढून येत होते.

"बघ, त्या शाळेच्या नकाशात खेकड्याच्या फोटोला टिंब आहे ना, ते अगदी इथलंच!" फोन नाचवत एक जण म्हणाला. दुसऱ्याने साबण काढला.

तो खेकडा नम्रताने टिपला होता.

"आता काय करायचं?" नंदा कुजबुजली.

ऋतिकने डोळा मारला. बाईंनी धड्यासाठी पाठवलेले प्राण्यांचे आवाज त्याच्या फोनात होते. त्याने फोन कपारीत ठेवला आणि आवाज पार वाढवला. करवतीने लाकूड कापावं तसा, खर्र... खर्र...

"बिबट्या!"

साबण तिथेच, टॉवेल तिथेच! चौघे धडपडत उतार उतरले. ऋतिक आणि नंदा पोट धरून हसत सुटली. नम्रताला हसू येईना. फोन प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश नोंदवतो, हे वर्गाला तिनेच फळ्यावर समजावून दिलं होतं.

संध्याकाळी छायाबाई वाडीवर आल्या. नंदाचा आजा कमळ्या म्हणाला, "पोरांनी पानी वाचवलं, बाई!"

"शाबास! शाळेत फोन कशाला, म्हणणाऱ्यांना आता सांगतेच मी!"

"बाई, तो फोटो माझा," नम्रता म्हणाली. "जागा त्यातच होती. मला कळायला हवं होतं."

बाईंचा चेहरा उतरला. "नकाशावर टाकण्याआधी मी तरी कुठे पाहिलं?" त्यांनी तिथल्या तिथे नकाशावरून तो फोटो काढून टाकला. पण तोवर तो किती फोनांत पोचला होता, कोण जाणे!

पुढच्या आठवड्यात नंदा हंडा घेऊन वेगळ्याच वाटेला वळताना दिसली.

"आमी वर दुसरं पाणी शोधलंय," ती म्हणाली.

"मी येऊ?" नम्रताने दोन्ही रिकामे तळवे पुढे केले. "फोन घरी ठेवलाय गं."

नंदाने ते तळवे पाहिले. मग डोक्यावरची चुंबळ नीट केली.

"बघू. पुढल्या उन्हाळ्यात."