वास पाठवणारी डबी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी रचलेला नाही. घडलं ते भर दुपारी, दादा-वहिनींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी स्वतः तिथे होतो.

दादा जहाजावर इंजिन मेकॅनिक. एका नव्या कंपनीनं त्याला वापरून बघायला दोन डब्या दिल्या होत्या. एक त्याच्या केबिनमध्ये, एक वहिनींच्या ओट्यावर. नेटवरून चक्क वास पाठवायचा! मागच्या भोकापाशी वस्तू धरा, पलीकडच्या डबीच्या जाळीतून तिचा वास येतो.

फुकट म्हटल्यावर आमचा दादा कशालाही नाक लावणार.

तो केसांच्या तेलाचा वास पाठवायचा. वहिनी साबणाची वडी धरून उत्तर द्यायच्या. वास आला की उत्तर द्यायचंच, हा दोघांचा नेम.

लोकांना ते खूळ काही पचलं नाही. कंपनीनं गाशा गुंडाळला. डब्या मुक्या झाल्या.

त्यानंतर दादा समुद्रात पडला. सापडला नाही. त्याची डबीही नाही.

आणि एका रविवारी वहिनींचा फोन. "भाऊजी, आत्ताच्या आत्ता या. ह्यांचा वास आलाय!"

गेलो. डबी हातात घेतली. वायर काढलेली... वासाच्या अर्काची आतली नळी कोरडी ठणठणीत...

तरी जाळीतून वास येत होता.

तेलाचा. दादाच्याच.

आणि त्याखाली काहीतरी कुजकं. बंद फ्रीजमध्ये विसरलेल्या मासळीसारखं. गोडसर, घशाला चिकटणारं. मी सिंकमध्ये भडाभडा ओकलो.

वहिनींनी मात्र डोळे मिटून तो वास छाती भरून घेतला. "आंघोळ कुठली मिळणार तिकडे," त्या म्हणाल्या.

हसू की रडू, कळेना.

"वहिनी, फेकून देतो ही घाण."

"खबरदार! जिवंत असतील तर?"

आणि नेमाप्रमाणे त्यांनी साबण भोकापाशी धरला.

तिथेच चुकलं.

थोड्या वेळानं दुसरा वास... गंजलं लोखंड, खारं पाणी.

वहिनींनी साबण धरला.

मग... सडलेल्या कचऱ्याचा. गेटजवळच्या कुंडीचा.

पुन्हा साबण.

मग... ताज्या ऑइलपेंटचा. जिन्याच्या कठड्याला आदल्याच दिवशी रंग दिला होता.

प्रत्येक वासाखाली ती कुज होतीच. आता तर जिभेवर चव येत होती.

"आले हो! जिना चढतायत. भाऊजी, कडी काढा!"

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"आधी नीट हुंगा, वहिनी. यात तेल आहे का?"

त्यांनी डबी नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली.

चेहरा पांढराफटक पडला.

तेल नव्हतं. केव्हापासून नव्हतं, कोण जाणे. नुसती कुज.

साबण हातातून निसटला.

बाहेर पाऊल वाजलं नाही. कडी हलली नाही. बराच वेळ... काहीच नाही.

"गेलं वाटतं," मी पुटपुटलो.

तेवढ्यात जाळीतून वास आला.

निलगिरीच्या बामाचा.

घरात बाम फक्त मी लावला होता. उजव्या गुडघ्याला.

म्हणजे पलीकडची डबी माझ्या गुडघ्यापाशी होती... आणि ती धरणारं जे कोणी होतं, तेही.

मी खाली बघितलं नाही. वहिनींचा हात धरला आणि पळालो.

वहिनी आता आमच्याकडे असतात. त्यांची डबी मी हातोडीनं फोडली. साबण घरात आणत नाही, बामही सोडला.

पण कालपासून उजवा गुडघा...

कितीही धुवा. मासळीचा वास जात नाही.