उजाडायच्या आधीचा लाडू

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझ्या तोंडात अख्खा लाडू होता. त्यामुळं धड किंचाळताही आलं नाही.

डिसेंबरातली पहाट होती. कोडोलीहून वारणानगरकडं जाणाऱ्या रस्त्यावर धुकं असं दाटलेलं की स्वतःचे बूटही दिसत नव्हते. दोन्हीकडं तोडणीला आलेला ऊस, लांब कारखान्याचे पिवळे दिवे आणि हवेत मळीचा वास. मी ओढ्याच्या मोरीवर बसून शेंगदाण्याचा लाडू चावत होते. पळायच्या आधी काहीतरी गोड पोटात गेलंच पाहिजे आणि वर घोटभर लिंबू-गुळाचं पाणी, हे आमच्या पोलीस भरतीच्या सरांचं शास्त्र. आईनं त्याचा कायदाच करून टाकला होता. “संयोगिता, रुमालात लाडू बांधल्यात. खाल्ल्याबिगर पळालीस तर बघ!” असं ती झोपेतूनसुद्धा ओरडायची.

तर मी चावत होते, आणि पाठीमागून पावलं वाजली. थप्... थप्... थप्...

धुक्यातून एक माकडटोपी बाहेर आली. टोपीत फक्त दोन डोळे.

“घाबरलासा व्हय?”

मी लाडू कसाबसा गिळला. “मी कशाला घाबरंन? पोलीस व्हणार हाय मी.”

“मग पोलिसांना ठसका का लागला?”

आवाज मात्र काय गोड होता! मी पाणी प्याले, डोळे पुसले आणि रुमालातला दुसरा लाडू पुढं केला. खाताना कुणी समोर आलं तर विचारायचं, हे आमच्या अंगातच आहे. “घ्या की, पावणं.”

“नगं.”

“घ्या की! इख न्हाय घातलेलं.”

“ह्या येळंला मला चालत न्हाय.”

“पाणी तरी?”

“त्ये बी न्हाय.”

मग आम्ही पळालो. तो माझ्या डाव्या हाताला, माझ्याच पावलात पाऊल टाकत. तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर, जिथं एक पाणंद उसात शिरते, तिथं तो वळला.

“अवो, नाव तरी सांगा!” मी ओरडले.

“उजेडात सांगीन...” धुक्यातून आवाज आला. माणूस मात्र दिसेनासा झाला होता.

त्यानंतर तो रोज भेटू लागला. मोरीपाशी यायचा, चिडवायचा, सोबत पळायचा आणि उजाडायच्या आत त्या उसात विरघळून जायचा. टोपी कधी काढली नाही, चेहरा कधी दिसला नाही. रोज मी लाडू पुढं करायची, रोज तो मान हलवायचा. मग मलाही चेव चढला. मी तूप वाढवलं, वेलची घातली, खजूर घातला... आई म्हणाली, “ह्यो पळायचा लाडू हाय का डोहाळजेवणाचा?”

“आजचा तरी खावा,” मी एकदा म्हटलं. “खास केलाय.”

“खास? कुणासाठी?”

“...माझ्यासाठीच. उरलाय म्हणून देतो.”

“रोज बरा एकच उरतोय,” तो म्हणाला आणि हसला. टोपीतले ते दोन डोळे असे काही लकाकले, की त्या दिवशी मी पळताना दोनदा अडखळले. पळायला जाते की भेटायला, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं. पहाटेचा गजर व्हायच्या आधीच मी जागी असायची.

अशातच आमच्या शेजारची धोंडुबाई ताक न्यायला आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मावशे, तिकटीवरनं पाणंद जातीया, तिकडं कोण ऱ्हातंय गं?”

“तिकडं? तिकडं नुसता ऊस हाय.” मग तिचा आवाज खाली आला. “तिकटीवर यशराज पडला न्हवं का... बयाबाईचं पोरगं. मिलिटरीच्या भरतीसाठी पळायचं. रिकाम्या पोटी हलकं पळता येतंय म्हणायचं. आईनं करून दिलेलं बी घरात ठेवून जायाचं. एका पहाटं पडलं ते उठलंच न्हाय. उपाशी गेलं लेकरू. बयाबाई अजून अवसंला तिथं दिवा लावती.”

माझी रवी ताकात फिरतच होती.

“पावलं ऐकू येत्यात म्हणं,” धोंडुबाई ताकाचा तांब्या उचलत म्हणाली. “तुला कोण भेटलं तर खायाला दे बाई. खाल्लं तर माणूस. न्हाय खाल्लं, पाणी बी न्हाय घेतलं... तर मागं न बघता घरला ये.”

माझ्या हातातली रवी तशीच थांबली. खात नाही. पीत नाही. नाव सांगत नाही. चेहरा दाखवत नाही. उजाडायच्या आत जातो, आणि जातो तेही कुठं, तर जिथं कुणीच राहत नाही तिथं.

शहाणी मुलगी असती तर तिनं दुसऱ्या दिवशीपासून घरामागच्या अंगणात फेऱ्या मारल्या असत्या. मी रात्रभर पांघरुणात जागी पडले आणि एकच विचार करत राहिले. तो भूत असेल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मला आवडलेला हा माणूस या जगात नाहीच, असं निघालं तर?

पहाटे मी गेले. अमावस्या होती, हे मोरीवर बसल्यावर आठवलं.

त्या दिवशी कुत्रं भुंकलं नाही. कारखान्याची घरघरसुद्धा लांब कुठंतरी विहिरीतून आल्यासारखी वाटत होती. मग पावलं आली... थप्... थप्... माकडटोपी समोर येऊन उभी राहिली. आज चिडवणं नाही, हसू नाही, शब्दही नाही.

मी अख्खा रुमालच पुढं केला. “आज तरी घ्या... माझ्यासाठी.”

त्यानं घेतला.

त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. गार, अगदी आडातल्या पाण्यासारखी. त्यानं लाडू खाल्ला, डोळे मिटून, हळूहळू, फार दिवसांत घास न मिळालेला माणूस खातो तसा. मग दुसराही खाल्ला. मग माझ्या हातातली बाटली घेऊन एका दमात रिकामी केली.

खाल्लं तर माणूस! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. “मला वाटलं तुमी... जाऊ दे, काय वाटलं त्ये. मला तुमी आवडतासा. लई आवडतासा. उगंच लाडू करत न्हवतो मी रोज.”

तो माझ्याकडं खूप वेळ बघत राहिला. मग वळला आणि पळू लागला. मीही त्याच्यामागं पळाले. इतकी जोरात मी आयुष्यात पळाले नव्हते, जणू पुढचा वारा कुणीतरी माझ्यासाठी बाजूला सारत होतं. तिकटीशी पोचले तेव्हा तिथं कुणीच नव्हतं. लाजला असेल, असं म्हणून मी हसत घरी आले. प्रेमात पडलेल्या माणसाला कशाचाही अर्थ सोयीचा लावता येतो.

दुसऱ्या दिवशी मी चार लाडू नेले. तो शीळ घालत आला.

“आज पोलीस लई खुशीत?”

मी लाजत लाडू पुढं केला.

“नगं.”

“आता कसलं नगं? काल दोन खाल्लासा की! बाटली बी रिकामी केलासा.”

शीळ थांबली. “काल?”

“व्हय, काल.”

“काल मी हिथं न्हवतोच,” तो हळू म्हणाला. “आजऱ्याला गेलतो, मामाच्या काजूच्या कारखान्यात. रातच्या शेवटच्या गाडीनं आलो.”

हातातली बाटली रस्त्यावर पडून घरंगळत गेली. वारा नव्हता, तरी उसाची पाती सळसळली. दोघांतला एक जण माणूस नव्हता. काल ज्यानं खाल्लं तो, की आज जो खात नाही तो?

“जवळ येऊ नका!” मी मागं सरकले.

तो जागच्या जागी थांबला. “न्हाय येत. पण अशा धुक्यात पळत सुटू नका, उसाचे ट्रॅक्टर येत्यात. हिथंच बसू. मी ह्या टोकाला, तुमी त्या. उजाडंपर्यंत.”

मोरीच्या दोन टोकांना आम्ही बसलो. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही. पापणी लवली आणि समोरचा कठडा रिकामा दिसला तर काय, असं वाटत होतं. ‘असू दे रे देवा, ह्यो खरा असू दे,’ एवढंच मनात चाललं होतं. कारखान्याचा भोंगा झाला. एक कावळा ओरडला. उसाचे शेंडे काळ्याचे करडे झाले, करड्याचे हिरवे झाले... तो मात्र होता तिथंच होता, थंडीनं कुडकुडत.

मग सूर्य वर आला आणि त्यानं माकडटोपी काढली. केस चपटे, कान लालभडक, गालावर खळी. आणि त्याची सावली! ती रस्ताभर लांबत आली आणि माझ्या बुटांना टेकली. सावली बघून रडणारी मी पहिलीच मुलगी असेन.

“आता द्या त्यो लाडू,” तो म्हणाला.

“आधी नाव.”

“पारस मगदूम. उसाच्या पल्याड आमचं नवं घर हाय, पाणंदीनं गेलं की. उजाडायच्या आत म्हशींच्या धारा काढायला लागत्यात, डेअरीची गाडी येती. अन् दिवस उगवल्याबिगर पाणी बी घेत न्हाय मी. चातुर्मासात महाराजांच्या म्होरं नेम घेतलाय.”

जैन! माझ्या वर्गातली चंदना दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पळायची, ते मी लहानपणापासून बघत आले होते. रात्रीचं हे मावळतीचं टोक आम्हा सगळ्यांना पाठ, पण दुसरं टोक कुणाच्या ध्यानात येतंय? पहाटे त्यांच्याबरोबर पळायला कोण गेलंय?

“मग सांगितलं का न्हाय इतके दिवस?” मी भडकलेच.

“सांगितलं असतं तर तू लाडू पुढं करायचं थांबवलं असतंस.” त्यानं तुमीचं तू कधी केलं, ते मला नंतर कळलं. “रोज कोणीतरी आपल्याला घ्या की, घ्या की म्हणतंय... बरं वाटायचं गं.”

त्यानं माझ्या हातचा लाडू खाल्ला. बोटं मला लागली. ऊबदार होती. मग आम्ही दोघंही तिकटीपर्यंत चालत गेलो.

तिथं दगडाशी बयाबाईनं लावलेली पणती विझून काळी पडली होती. तिच्या शेजारी काल दिलेला माझा लाल काठाचा रुमाल होता. चार घड्या घालून नीट ठेवलेला, दवानं ओला. त्यात लाडवाचा कण नव्हता, एक मुंगीसुद्धा नव्हती.

अंगावर काटा आला. पण मग भीतीच्या जागी काहीतरी दुसरंच भरून आलं आणि मी रडायला लागले. “उपाशी गेलता रे त्यो...”

पारसनं टोपी हातात धरली. “आता उपाशी न्हाय.”

थोड्या वेळानं तो म्हणाला, “काल त्याला काय बोललीस?”

“मी कुठं काय बोललो?” मी म्हटलं.

“तुझं तोंडच सांगतंय.”

“...तुझंच होतं ते. त्यानं ऐकून घेतलं.”

“मग माझं मला दे की.”

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण उजेडात फार अवघड गेलं. तो कानांपेक्षाही लाल झाला. “घरच्यांचं आपण बघू,” म्हणाला. “पण इचार कर. माझ्या घरात दिवस मावळल्यावर जेवायला मिळायचं न्हाय.”

“मी ड्युटीवर खाईन,” मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी पळायच्या आधी एक लाडू तिकटीवरच्या दगडावर ठेवू लागले. एक माझा, एक त्याचा आणि उजाडल्यावरचा एक पारसचा. पावलं पुन्हा ऐकू आली नाहीत. पारस म्हणायचा, पोट भरलं की पोरं झोपतात.

मैदानी चाचणीच्या दिवशी पारस कुंपणाबाहेर उभा होता. शेवटच्या फेरीत माझी छाती फुटायला आली, डोळ्यांपुढं अंधारी आली. आता पडणार... आणि डाव्या हाताला पावलं वाजली. थप्... थप्... थप्... समोरचा वारा हलका झाला.

मी वळून बघितलं नाही. फक्त विचारलं, “खाल्लंस न्हवं?”

पावलं माझ्याबरोबर रेषेपर्यंत आली. मी थांबले तशी ती पुढं निघून गेली, अगदी हलकी, भरल्या पोटानं.