पिवळं न होणारं पाणी

माणसानं पाणी तपासावं आणि पुढच्या दाराला जावं. हा इंद्रजीत मात्र आमच्या उंबऱ्यापाशीच रेंगाळायचा. वर मला सांगायचा, "काकू, तुमच्या नळाला औषध नीट पोचत न्हाय, परत यावं लागंल." आणि सांगताना बघायचा स्वतःच्या चपलांकडं.

होटगी गावचा पोरगा, पाणीपुरवठ्यात कामाला. भवानी पेठेत नवी पाइपलाइन पडली, तिच्या पाण्यातलं क्लोरीन घरापर्यंत टिकतं का, ते बघणं त्याचं काम. माझी चैताली आतून पेला भरून आणायची. हा काचेच्या नळीत पाणी घ्यायचा, वर तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचा. पिवळं झालं तर पाणी चांगलं. आमचं काही पिवळं व्हायचं नाही.

"आजपण न्हाय?" चैताली नळीवर वाकायची. तिची बट त्याच्या मनगटाला लागायची... आणि दोघंही पाणी सोडून भलतीकडंच बघायची.

"न्हाय."

"अरेरे. मग उद्या?"

"उद्या यावंच लागंल की."

शेजारच्या मायाक्काकडं मात्र त्याच लाइनचं पाणी हळदीसारखं पिवळं. मी दुसरीच्या पुढं शिकले नाही, पण डोळे माझे धड आहेत. तरी गप्प राहिले. पोरगी भांडी घासताना गुणगुणत होती, ते मला बरं वाटत होतं.

एका सकाळी तो आला, पण पिशवी उघडलीच नाही. मी आत भाकरी थापत होते.

"नवं शुद्धीकरण केंद्र चालू झालं," तो म्हणाला. "उद्यापासनं माझी बदली तिकडं. हितं दुसरा येईल."

चैतालीनं हातातला पेला उंबऱ्यावर ठेवला. गल्लीत खड्डे बुजवणाऱ्यांची फावडी वाजत होती.

"बरं," ती हळूच म्हणाली. "त्यालाबी माठातलंच पाणी देईन."

"नका देऊ." तो म्हणाला. "मला... ठाऊक होतं."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासनं. नळाचं पाणी एवढं गार कुटं असतंय? आन माठात राहिलं की क्लोरीन उडून जातं. तुमचं खरं पाणी मी बाहेरच्या तोटीचं तपासायचो. लई चांगलं हाय."

"मग बोलला न्हाय ते?"

"बोललो असतो तर परत कसा आलो असतो?"

ती हसली, पण आवाज ओला होता. "आन आता? तसंच जाणार?"

"मनात लई हाय, चैताली. पण... काकूंची भीती वाटती."

तव्यावरची भाकरी मी तशीच ठेवली आणि पिठाच्या हातानं बाहेर आले. तो खांबासारखा ताठ झाला.

"आई," चैताली म्हणाली, "मला हे पसंत हायेत."

मी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. बिचाऱ्याला घाम फुटला होता, तरी जागचा हलला नाही.

"इंद्रजीत," मी म्हटलं, "रविवारी तुझ्या आईला घेऊन ये. खोटं बोलायचं तुला धड जमत न्हाय. जावई म्हणून चालशील."