पितांबरचे कावळे

"ओ बाई! त्या पायरीवर उभ्या नका ऱ्हाऊ. ती सरकारनी शे!"

मी दचकले. डोक्यावरची परात तिरकी झाली, त्यातला एक पिंड टुणकन उडाला आणि थेट तापीत. बुडुक!

वळून बघते तर हा उभा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लोखंडी गज, पाय पोटरीपर्यंत चिखलात. आणि चेहऱ्यावर असं हसू, की जशी काही चूक माझीच.

"सरकारची?" मी म्हटलं. "तापी काय तुमच्या सरकारने आंदणात आणली होती?"

"नदी नही. पायरी." त्याने गजाने दाखवलं. पायऱ्यांवर पांढऱ्या रंगात आकडे काढले होते आणि मी नेमकी बारावर उभी होते. "पानी कोठलोंग उनं, ते माले सकाय-संध्याकाय दखनं पडस. तुम्ही उभ्या ऱ्हायन्यात ते आकडा दिसत नही."

"आणि माझा पिंड बुडाला त्याचं काय? तिकडे मेलेला माणूस खोळंबलाय!"

"मरेल मानूस कसाले खोळंबी?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "तो ते मरी गया. खोळंबेल शेत ते जिता मानसं."

असं बोलतात? दहाव्याच्या भटजींच्या मुलीशी? मला राग यायला हवा होता... आला नाही. तिथेच सगळं बिघडलं.

मी प्रमिला. आई लहानपणीच गेली. बाबा प्रकाशा गावात, तापीच्या घाटावर दहावे करत, आणि दहाव्याच्या भटाच्या मुलीला स्थळ कोण आणणार? लग्नघरात आमची सावलीसुद्धा नको असते लोकांना. एकोणीस उलटली तरी मी बापाच्या घरी. रोज सकाळी भात शिजवायचा, गार करायचा, तीळ घालून पिंड वळायचे, परात घाटावर पोचवायची. गावातल्या बायका मला पिंडवाली म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू येईल इतपत.

आणि तो पितांबर. कळसाडीच्या भरल्या घरातला धाकटा. कापूस, ऊस, दोन विहिरी, कशाची ददात नाही. बडोद्याच्या कॉलेजात दोन वर्षं शास्त्र शिकला आणि तिथून काय डोक्यात भरून आणलं कोण जाणे, घरच्या पूजेलाच बसेना. वडील नव्हते, थोरल्या भावाशी, भाईदासशी, कडाक्याचं वाजलं. मग बांधकाम खात्यात पाणी मोजायची नोकरी धरून हा प्रकाशाला येऊन राहिला. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट.

रोज सकाळी तो आकडा बघायचा आणि रोज सकाळी माझी परात नेमकी तिथूनच जायची. दुसरी वाट होती हो. मला दिसायची नाही.

"तुमच्यात आत्मा मानत नाहीत का?" मी एकदा विचारलं.

"मन्हामा नही मानत. बाकीनासनं माले माहीत नही."

"मग माणसात असतं तरी काय?"

"माती, पानी, ऊब, वारा." बारीक पाऊस होता, तो छत्रीच्या काडीवरचे थेंब झटकत होता. "महूना फुलमा नशा दिसस का? नही. पानीमा दिसस का? नही. दोन्ही एका मडकामा ठेव, ऊब लागू दे... मंग नशा येस. जीव तसाच शे. मडकं फुटनं का नशा कोठे जास? कोठेच नही."

"म्हणजे मी तुम्हाला मोहाची दारू वाटते?"

त्याने माझ्याकडे बघितलं. उगाचच छत्री मिटली, पुन्हा उघडली. "थोडी..." म्हणाला.

घरी जाईपर्यंत माझे कान गरम होते. मेल्याला बोलायला काही वाटत नव्हतं, आणि मला ऐकायला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कावळ्यावरून मात्र आमचं खरंखुरं भांडण झालं. दहाव्याला पिंड ठेवायचा, कावळा शिवला की जीव सुटला. नाही शिवला तर काही इच्छा मागे राहिली असं समजायचं. मग नातलग हात जोडून सांगतात... बाबा रे, म्हातारीला सांभाळू, पोरीचं लग्न करू. इच्छा बरोबर ओळखली की कावळा येतो. हे मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं.

"कावयाले भूक लागस म्हनीसन तो येस," पितांबर म्हणाला.

"मग दोन-दोन तास येत नाही तेव्हा?"

"पोट भरेल ऱ्हास."

"लावता पैज?"

लागली पैज. तो हरला तर बाबांच्या पायावर डोकं ठेवणार. मी हरले तर...

"तर काय?"

"तर माले अहो-जाहो करनं बंद."

पिंड ठेवायचा काळा दगड घाटाच्या कडेला होता. रोज एकाच वेळी त्याने त्यावर गज आपटायचा, टण टण टण, आणि मी उरलेल्या भाताची मूठ ठेवायची. पहिले चार दिवस कावळे लांबून मान वाकडी करून बघत राहिले. आठव्या दिवशी एक आला. विसाव्या दिवशी तर ते आमच्या आधी येऊन बसलेले, आणि लोखंडाचा आवाज झाला की झेप! मी हरले. 'पितांबर' एवढी चार अक्षरं, पण तोंडातून बाहेर पडायला अख्खी सकाळ गेली.

पुढची गंमत आम्हाला सुचलीच नव्हती. दहाव्याला येणारा माणूस त्या दगडावर पितळी लोटा ठेवतो. टण! आवाज झाला की कावळे हजर! बाबांचं नाव झालं. "भटजींचा हातगुण पाहा, कावळा एक घटकाही थांबवत नाही." शहाद्यापासून लोक येऊ लागले. बाबा ताठ मानेने चालू लागले आणि आम्ही दोघं पिंपळामागे तोंड दाबून हसायचो.

एके दिवशी मीच त्याला खिंडीत गाठलं. "आत्मा नाही ना? मग तू माझ्याकडे असा बघतोस, ते कोण बघतं?"

त्याने मनगट पुढे केलं. "मोज."

खात्याने दिलेलं घड्याळ त्याच्या दुसऱ्या हातात. मी बोट टेकवलं. पहिल्यांदाच... इतकी ऊब होती त्या हाताला. मिनिट संपलं तसं मी म्हटलं, "एकशे आठ."

"तू येवाना आगोदर बहात्तर व्हतात," तो म्हणाला. "वरना छत्तीस तुन्हा."

"एवढंच?"

"इतलंच. पन खरं शे. दखाडता येस."

कुणी आयुष्यभराच्या शपथा वाहिल्या असत्या तरी मी इतकी सुखावले नसते. छत्तीस ठोके! ते आठवत मी त्या दिवशी दोनदा भात करपवला.

मग शांतीबाई आली. शहाद्याकडची, नवऱ्याचा दहावा घेऊन. लोटा टेकला, कावळा आला, सगळे म्हणाले, सुटला हो! ही मात्र झाडाखाली बसून हमसून हमसून रडत होती. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाली, "इतली घाई? तीस वरीस संसार करा... मन्हासाठे एक घडीभी थांबना नही? मन्हामा जीव नव्हता का व त्यासना?"

मी पाणी तिच्यापाशी ठेवलं आणि उठले.

पितांबरला सांगितलं तेव्हा त्याने हातातला गज खाली ठेवला. "आपन त्या बाईनं काहीतरी चोरं," म्हणाला.

"तुझ्या मताने तर चोरण्यासारखं काही नव्हतंच."

"तिन्हं दुख व्हतं ना. ते ते खरं शे."

त्या दिवसापासून गज आपटणं बंद, भात बंद. पण कावळ्यांना कोण सांगणार? लोटा वाजला की ते यायचेच. "दिवायीलोंग इसरी जातीन," तो म्हणायचा.

जेठ संपता संपता मी त्याला मनातलं सांगून टाकलं. "मी केदारेश्वराला रोज मागते... पुढच्या जन्मी मला कळसाडीत जन्माला घाल. तुझ्या जातीत. तुझ्या शेजारी."

तो चिडला. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "पुढला जनम नही, प्रमिला! कोनी तुले फसाडं! हाऊच शे, एकच. चाल मन्हासंगे. नंदुरबारथीन गाडीमा बसूत, सुरतले कोर्टमा लगीन करूत. या आठवडामा."

"आणि बाबा?"

"त्यासले पत्र लिखसू. रागे भरतीन, मंग निवतीन."

"पावसाळा जाऊ दे," मी म्हटलं. "घाटावर शेवाळ असतं, बाबांना हाताला धरून न्यावं लागतं. दिवाळी झाली की येते. नक्की येते."

शेवाळाचं खरं होतं. पण त्याहून खरं हे, की मी भ्याले. आणि मला घाई कसली होती? या जन्मी नाही जमलं तर पुढच्या, नाही तर त्याच्या पुढच्या. माझ्याकडे जन्म भरपूर होते. त्याच्याकडे एकच होता, आणि त्यातला एक पावसाळा मी मागून घेतला.

"दिवायी ते दिवायी," तो म्हणाला. हसलासुद्धा, पण ओठांनीच.

भादव्यात वर कुठेतरी तीन दिवस पाऊस कोसळला आणि तापी फुगली. खात्याचा हुकूम आला, दर तासाला आकडा हवा. सकाळी मी घाटावर गेले तेव्हा बरेचसे आकडे पाण्याखाली गेले होते. तो खाली वाकून बघत होता.

"वर ये रे!" मी ओरडले. "कसं चिडलंय बघ पाणी!"

"पानीले राग येत नही!" तो खालून ओरडला. "पानीले फक्त उंची ऱ्हास!"

आणि त्याच्या पायाखालचा दगड सरकला.

तो ओरडला नाही. वेळच मिळाला नसावा. छत्री तेवढी थोडा वेळ पाण्यावर दिसत होती, मग तीही दिसेना. दुसऱ्या दिवशी तीन कोस खाली, बाभळीत अडकलेला सापडला. मला कोणी तिकडे नेलं नाही. मी त्याची कोण होते?

दहाव्या दिवशी कळसाडीहून भाईदास आला, त्यांची आई सुंदरबाई आली, दोन गाड्या भरून भाऊबंद आले. पूर ओसरला होता, पायऱ्यांवर गाळ होता. पिंड वळायचा होता. मीच वळला, दुसरं कोण वळणार? हातात घेतला तेव्हा भात अजून कोमट होता. मी दोन्ही हातांत धरून बसले तो निवेपर्यंत. बाबा हाका मारत होते.

घाटावर मी बायकांच्याही मागे उभी राहिले आणि मनात सगळं पक्कं केलं. कावळा येणार नाही. येईलच कसा? त्याची इच्छा राहिलीय, मला ठाऊक आहे ना! भाईदास म्हणेल, आईला सांभाळू. कावळा यायचा नाही. म्हणेल, तुझं शेत राखू. तरी यायचा नाही. मग कोणीतरी विचारेल, आणखी काय राहिलं असेल पोराचं? आणि मी पुढे होईन. सगळ्यांदेखत सांगेन, त्याला माझ्याशी लग्न करायचं होतं, आणि मी येते म्हणाले होते. बाबांची अब्रू जाईल, जाऊ दे. गाव थुंकेल, थुंकू दे. एकदा, फक्त एकदा, चार माणसांच्या कानांवर त्याच्या नावाशेजारी माझं नाव पडू दे. देवा केदारेश्वरा, कावळा येऊ देऊ नकोस... दहाव्याच्या भटाची मुलगी मी, आणि हे मागत होते.

भाईदासने पिंड ठेवला. लोटा टेकवला.

टण!

त्याचा हात मागे यायच्या आधी तीन कावळे पिंडावर होते.

"सुटना रे पोऱ्या, सुटना!" सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुण्यवान जीव," ते म्हणाले. "मागे कसलीच इच्छा नाही."

मी एक पाऊल पुढे टाकलं होतं. तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

त्यातला एक कावळा पिंडाचा तुकडा घेऊन पिंपळावर जाऊन बसला. त्याला मी ओळखत होते. सगळ्यात आधी, आठव्या दिवशी आला होता तो हाच. पितांबरने त्याचं कौतुक केलं होतं. पितांबर, जिंकलास तू. आत्मा नाही, इच्छा मागे राहत नाही, पुढचा जन्म नाही. मला सगळं पटलं रे. कशाला पटवलंस?

माणसं गाड्यांकडे निघाली. सुंदरबाई जाता जाता माझ्यापाशी थांबली. दहाव्याच्या भटजींची मुलगी रडते आहे, हे तिला नवल वाटलं असावं. तिने माझं मनगट हातात धरलं.

"तू कसाले रडस, पोरी?" ती म्हणाली. "दख ना... मन्हा पोऱ्यानी काहीच इच्छा बाकी नव्हती."

सांगता आलं असतं. पण त्या माउलीला दहा दिवसांत पहिल्यांदाच थोडं निवल्यासारखं झालं होतं. ते कसं चोरायचं?

"हो, माय," मी म्हटलं.

गाड्या गेल्या. बाबाही घरी गेले. मी रिकामी परात घेऊन तिथेच होते. खाली बघितलं तर पायाखाली गाळ, आणि गाळातून पुसट पांढरा आकडा दिसत होता. बारा. मी बराच वेळ त्या पायरीवर उभी राहिले. सरक म्हणायला कोणी आलं नाही.