वीस माद्या

टांझानियातल्या आमच्या मोरोगोरोला पाऊस डोंगरावरून उतरतो. आधी उलुगुरूचे डोंगर पुसले जातात, मग मशिदीचा मिनार, मग समोरच्या चपातीवालीचं छप्पर, आणि शेवटी तुमच्या दोरीवरचे कपडे. त्या दिवशी मी दोरीवरच्या नेसायच्या कांगा ओढत पळत होते, तेवढ्यात एक लांबलचक माणूस माझ्या कोंबड्यांच्या पत्र्याखाली शिरला आणि खुशाल माझ्या निळ्या पिंपावर बसला.

"अहो, उठा तिथून!"

"पाऊस थांबला की उठतो, ताई. फार जड नाहीये मी."

"आत दोन हजार झुरळं आहेत."

हे वाक्य ऐकून मामाने आणलेलं एक स्थळ चपला टाकून पळालं होतं. त्या चपला मी अजून अंगणात वापरत होते. हा मात्र उठला, झाकण अलगद उचललं आणि आत डोकावला. अंड्यांचे पुठ्ठे उभे लावलेले, त्यांच्या खाचांमधून सळसळ... जणू आतही पाऊस पडतोय.

"कडेला तेलाचा पट्टा ओढलाय," तो पुटपुटला. "म्हणून वर चढत नाहीत. कुणी शिकवलं?"

"त्यांनीच. पहिल्या आठवड्यात सगळी माझ्या अंथरुणात आली, तेव्हा."

तो हसला. पुढचे दोन दात किंचित फाकलेले. आमच्याकडे ते देखणेपण समजतात, आणि मी काही आमच्यापेक्षा वेगळी नव्हते.

"मी मबुला. हायवेवरच्या सर्पोद्यानात असतो. साप दुसरे बघतात, माझ्याकडे सरडे."

"मबुला? म्हणजे सुकुमा?"

"अस्सल."

"मग माझं 'अहो' फुकट गेलं की रे, बैला!"

"जाऊ दे. लुगुरूकडून काही फुकट मिळालं, हेच नवल."

आम्हा लुगुरूंचं आणि सुकुमांचं, या दोन जमातींचं, थट्टेचं नातं, पणज्या-खापरपणज्यांपासूनचं. त्यांनी आम्हाला चिकट म्हणायचं, आम्ही त्यांना बैल. रागावेल तो हरला. मयतीतसुद्धा सूट नाही. माझी आजी गेली तेव्हा हाच मबुला खड्ड्याच्या काठावर आडवा झाला होता. "आधी मला पुरा, या लुगुरूंनी सकाळपासून चहा दिला नाही!" म्हणून ओरडला, आणि रडून रडून सुजलेली माझी आई पदराआड खुदकन हसली होती.

पण ते नंतर. आधी गुरुवार सुरू झाले.

दर गुरुवारी तो सरड्यांसाठी चाळीस झुरळं न्यायचा. मी नेहमी नर द्यायची. खाऊ म्हणून नर. माद्या घरात ठेवायच्या, कारण वंश त्यांच्यावर. आम्हा लुगुरूंचंही तसंच आहे. घराणं आईचं, आणि लग्नाचा शब्द मामाचा.

"ही केवढ्याला?" तो खिडकीतल्या बरणीकडे बोट दाखवायचा. बरणीत बीबी असायची. एक मिशी वाकडी, केळ्याची शौकीन, माझ्या बोटावर चढून मनगटापर्यंत येणारी.

"ती विकायची नाही."

"एवढं काय तिच्यात?"

"ती मला बैलांपासून सांभाळते."

"मिशी वाकडी आहे तिची."

"तुझे दात कुठे सरळ आहेत?"

मग तो त्या दातांनी हसायचा, आणि मी चाळीस मोजताना सदतीसवर अडखळायची. एकदा पुठ्ठा उचलताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही हात काढला नाही... एक झुरळ मात्र त्या पुलावरून शांतपणे पलीकडे गेलं. पण सुकुमाचं मन कसं ओळखायचं? "तुझ्याशिवाय गुरुवार उजाडत नाही," असं तो म्हणायचा — आणि लगेच, "माझे सरडे म्हणतात, मी नाही."

त्या वर्षी भात कापून झाल्यावर एका गुरुवारी तो आला. धुतलेला शर्ट. थट्टा नाही, की बीबीची चौकशी नाही.

"तौसी, आज नर नको. वीस माद्या दे."

"माद्या? सरड्यांना?"

"नाही. मला... पिंप लावायचंय. माझं स्वतःचं."

एवढं बोलून तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू बाकीचं मला ठाऊकच असावं. मला काय ठाऊक होतं? एवढंच, की ज्याचं स्वतःचं पिंप लागतं, त्याला दुसरीच्या दारात यावं लागत नाही. संपले गुरुवार.

"देते की," मी म्हटलं आणि पाठ फिरवली. पाठ फिरवूनच वीस मोजले. रुंद पोटाची एकही नाही, सगळे लांब पंखांचे, सडपातळ. वीसच्या वीस नर. पुठ्ठा दोऱ्याने बांधून त्याच्या हातात दिला.

"लवकर वाढोत," मी म्हटलं.

"वाढतील ना?" त्याने विचारलं. इतक्या हळू, की मला त्याचा रागच आला.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी बीबीला केळं घालायची आणि म्हणायची, बरं झालं. बीबी काही बोलायची नाही. झुरळ पाळण्याचं हेच सुख.

दोन महिन्यांनी मामा जेवायला आला. मक्याच्या पिठाच्या उगालीचा डोंगर संपवून त्याने घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. नवाकोरा, पांढरा, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती.

"हा कुठला रे, मामा?"

"हा? अगं, ती गंमत सांगायचीच राहिली!" मामा आधीच हसायला लागला. "तुझ्या आजीच्या खड्ड्यावर लोळला होता ना, तो सुकुमा? त्याने मला तुझ्या मागणीचं पत्र पाठवलं. या रुमालात गुंडाळून! म्हटलं, थट्टा करतोस? थांब. मीही लेखी उत्तर धाडलं — मुलगी देतो, पण देज म्हणून हजार झुरळं हवीत. तीही तुझ्या घरी जन्मलेली!"

आई हसली. मावशी हसली. मी त्या रुमालाकडे बघत होते. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने एक वेडंवाकडं 'त' भरलेलं होतं. पुरुषाच्या हातचे टाके. थट्टेसाठी कुणी बोटाला सुई टोचून घेत नाही.

आणि मी त्याला वीस नर बांधून दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी पहिली डालाडाला बस पकडली. मांडीवर एक डबा, डब्यात तीस माद्या, एकेकीच्या शेपटाशी अंड्यांची तपकिरी पेटी. दुसऱ्या हातात बरणी. शेजारच्या बाईने डब्याला कान लावला, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली.

मबुला सरड्यांच्या जाळीपाशी पाणी शिंपडत होता. मला पाहून हात थांबला, पण झारीतलं पाणी गळतच राहिलं, थेट त्याच्या बुटात.

"ते नर होते," मी म्हटलं.

"माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग आला का नाहीस भांडायला?"

"भांडू कशाला? पत्र तुझ्या घरी गेलेलं. मामांनी हजार झुरळं मागितली. मी तुझ्याकडेच माद्या मागितल्या, आणि तू मोजून वीस नर दिलेस." त्याने झारी खाली ठेवली. "मला वाटलं, हेच तुझं उत्तर."

"मला पत्राचं कुणी सांगितलंच नव्हतं रे... मामाला ती थट्टा वाटली."

"आणि तुला?"

आयुष्यभर सुकुमांना शिव्या द्यायची सवय, गोड बोलायची कुठली? मी डबा त्याच्या पायाशी ठेवला.

"या तीस. सगळ्या भरलेल्या. उबेत ठेव, मक्याचा कोंडा घाल, पाणी कापसातून दे, नाहीतर बुडून मरतील." मग बरणी पुढे केली. "आणि ही..."

"बीबी? ही तर विकायची नाही."

"विकत नाहीच आहे. ही घरची आहे. जिथे मी राहणार, तिथेच ती राहणार."

मबुलाने बरणी दोन्ही हातांनी घेतली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी वाट पाहिली, आता काहीतरी खोचक येईल. आलं नाही. त्या सुकुमाला जन्मात पहिल्यांदा थट्टा सुचली नाही, आणि तेव्हा मला सगळं कळलं.

हजार व्हायला पाच महिने लागले. पिंप दारात आलं तेव्हा मामाने एकदाच झाकण उचललं, मग स्टुलावर चढला आणि तिथूनच संमती दिली. "मोजायची गरज नाही! मुलीला ने, बाबा, आणि देजही परत ने!"

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. बीबी त्याच पावसाळ्यात गेली. तिची बरणी अजून खिडकीत आहे, आता तिच्यात सुया-दोरा असतो. आमच्या परसात आज चौदा पिंपं आहेत, आणि गिऱ्हाइकासाठी झुरळं निवडायला मी बसले की मबुला मुद्दाम मागे येऊन उभा राहतो. एखादं उचलतो, उलटं करतो, चष्मा कपाळावर सरकवतो.

"दुकानदारीणबाई, नीट बघून द्या हं," तो म्हणतो. "कुणाचं लग्न अडायचं."